डबीच्या पोटातलं पाणी

ट्रेलर थांबला. बाबा थांबले, धाकटी थांबली, चाकं थांबली. पण डबीच्या पोटात काहीतरी थांबलंच नाही. ते तसंच पुढं सरकत गेलं, कुठंतरी आपटलं आणि परत मागं आलं.

गुडुप.

धाकटीचे दोन्ही हात ट्रेलरच्या दांड्यावर होते. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते रुमालानं मान पुसत होते, जणू कानच घरी ठेवून आलेत.

"बाबा, ऐकलंत?"

"काय?"

"आत पाणी आहे."

"आत पेट्रोलची टाकी आहे. पेट्रोल पातळच असतं. घट्ट पेट्रोल अजून बाजारात आलं नाही."

डबी म्हणजे बाबांची होडी. पांढरी, फायबरची, चार माणसं बसली की पाचव्याला पाण्यातून चालत यावं लागेल एवढीशी. मागं एक मोटार, मोटारीला किल्ली. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात कुणाचीतरी वापरलेली ही होडी घेऊन आले. सगळे ओरडले तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर वर-खाली केलं. आता जरा आडवं जाऊ द्या की मला." गल्लीच्या टोकाला उतार होता, उताराखाली तलाव. सुट्टीच्या दिवशी ट्रेलर ढकलत न्यायचा, होडी पाण्यात सोडायची, चक्कर मारून यायचं.

आणि पूर्वी हा ट्रेलर दोघांनी गप्पा मारत ढकलला होता. आज नुसता शेडमधून अंगणात आणायचा म्हटलं तर धाकटीला दरदरून घाम फुटला. टायरही बसके दिसत होते. हवा तर तिनं स्वतः भरली होती.

धाकटी म्हणजे धाकटी सून. घरात, शेजारी, दूधवाल्याकडे, सगळीकडे धाकटीच. हॉस्पिटलात नर्स होती. पेशंट "मी ठीक आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघायचं, सूज आहे का ते, ही तिची सवय. आत्ता ती टायरकडे बघत होती, आणि हे नेमकं आजच नको व्हायला होतं.

कारण मागच्या पायरीवर आत्या बसल्या होत्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सकाळी अंघोळ झाल्या झाल्या त्यांनी नारिंगी लाइफ जॅकेट घातलं होतं, आणि त्यावरच चहा, त्यावरच नाश्ता, त्यावरच पेपर. त्यांना पोहता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं त्या परत जाणार होत्या. नवे गुडघे बसल्यावर होडीत चढायला कोण देतंय! म्हणून आजच.

"अरे बूच," आत्या ओरडल्या, "निघायचं की मी जॅकेट घालूनच म्हातारी होऊ?"

"झालीसच की तू, अक्का," बाबा म्हणाले.

बूच हे नाव आत्यांनीच ठेवलेलं. होडीच्या मागच्या बाजूला खाली एक भोक असतं. आत साचलेलं पाणी काढायला ते उघडायचं, आणि होडी पाण्यात सोडण्याआधी पितळी बूच घट्ट फिरवून बंद करायचं. गेल्या उन्हाळ्यात अख्खं घर तलावावर गेलं होतं, आणि बाबा बूच लावायला विसरले. उताराला लागूनच होडी भरली. थोरल्या दिरांचे नवे बूट तरंगत गेले, जेवणाचे डबे त्यांच्या मागून गेले. कुणाला काही झालं नाही, म्हणून सगळे हसले. आत्या तर कठड्याला धरून हसल्या. त्या दिवसापासून बाबांचं नाव बूच. बाटलीचं झाकण सापडलं नाही की बूच. नळ टपकला की, "बूचला बोलवा!"

तेव्हा धाकटीही हसली होती. फक्त तिचा नवरा हसला नव्हता. रात्रीच्या जेवणात त्यानं सरळ सांगून टाकलं होतं, "बाबा, पुन्हा असं काही झालं तर डबी विकायची. मी गंमत करत नाहीये." बाबा उठले आणि आपलं ताट आपणच घासून ठेवलं.

आज नवरा ड्युटीवर होता. निघताना बायकोला एवढंच म्हणाला होता, "लक्ष ठेव."

तर ती लक्ष ठेवत होती.

"टाकी काढून बघू या का?" तिनं विचारलं.

"बघ बाई. तुझं समाधान होऊ दे."

तिनं पेट्रोलची टाकी उचलून बाहेर ठेवली. वल्ही काढली, दोरीचं वेटोळं काढलं. मग ट्रेलर मागं ओढला आणि एकदम सोडला.

गुडुप.

"आता?" ती म्हणाली.

बाबांनी कपाळावरची माशी हाकलली. माशी नव्हतीच. "जुनी होडी आहे. म्हातारपणी पोटात आवाज येतातच. माझ्या येत नाहीत?"

"तुम्ही तरंगत नाही, बाबा."

डबीला दोन तळ. एक खालचा, पाण्याला लागणारा, आणि एक वरचा, ज्यावर आपण पाय ठेवतो. मधे पोकळी. त्या पोकळीत डोकवायला मागच्या बाजूला एक गोल झाकण, बरणीसारखं फिरवून काढायचं. धाकटी आत चढली, गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. ते चिकटून बसलं होतं. मग कर्र करून सुटलं. तिनं मोबाइलचा उजेड आत टाकला.

कोरडं. ठणठणीत कोरडं. एक मेलेला कोळी आणि एक जुना वॉशर.

"काय दिसलं?" बाबा खालून म्हणाले. "समुद्र?"

"काही नाही."

"वाळवंट आहे वाळवंट! चल, ठेव ते झाकण. ऊन चढतंय."

तिचे कान तापले. चिडली की ती आधी गप्प व्हायची, मग हातातली वस्तू जोरात आपटायची. झाकण तिनं आपटलं. च्यायला, मग वाजतंय काय? भूत? ती खाली उतरली आणि होडीच्या कडेनं चालत मुठीनं टकटक करत निघाली. वॉर्डात मोठे डॉक्टर पेशंटच्या पाठीवर असंच बोटांनी ठोकायचे. फुफ्फुस मोकळं असेल तर पोकळ आवाज, आणि पाणी झालं असेल तर लाकडाच्या ओंडक्यावर ठोकल्यासारखा.

मागच्या बाजूला ढब ढब. मधे ढब ढब. पुढं नाकाशी आली.

ठक.

तिनं पुन्हा ठोकलं. ठक. हात सपाट ठेवला. तिथलं फायबर बाकीच्या होडीपेक्षा गार लागत होतं. तेवढ्यात तिला अंगणाचा उतारही दिसला. ट्रेलरचं तोंड घराकडे, आणि अंगण घराकडेच उतरतं. शेडमध्येही तोच उतार. म्हणजे इतके महिने डबी नाक खाली घालून उभी होती. पाणी नाकात आणि झाकण शेपटीला. मग कोरडंच दिसणार ना!

"बाबा, पुढचा जॅक फिरवा."

"कशाला?"

"फिरवा तर."

तिचा आवाज बदलला होता. नाइटला पेशंटचा श्वास अडकला की ती वॉर्डबॉयशी ज्या आवाजात बोलायची, तो. बाबांनी मुकाट्यानं ट्रेलरच्या पुढच्या चाकाचा दांडा धरला आणि फिरवायला लागले. नाक हळूहळू वर यायला लागलं. धाकटी पुन्हा होडीत चढली आणि झाकण काढून आत बघत बसली.

आधी आवाज आला, खूप लांबून कुणी चूळ भरल्यासारखा. मग वास. आणि मग पोकळीतून काळं पाणी आलं, आलं आणि येतच राहिलं. वॉशर बुडाला, कोळी तरंगायला लागला, पाणी झाकणाच्या काठाशी येऊन थरथरत उभं राहिलं.

तिच्या डोळ्यासमोर तलाव आला. तलावाच्या मधोमध आत्या, नारिंगी जॅकेटात, हसत. कुणीतरी एका बाजूला वाकलं, की हे सगळं पाणी त्याच बाजूला धावणार. आणि पाणी एकदा धावलं की होडी कुणाचं ऐकत नाही.

"बादलीभर असेल," बाबा म्हणाले. आता ते चाकापाशीच उभे होते, जवळ येत नव्हते.

"बादलीभर? बाबा, यात आत्यांची अंघोळ होईल, केसांसकट."

"बरं, मग पंपानं काढू."

"पंप कशाला? नाक वर आहे, बूच काढलं की आपोआप जाईल." ती उडी मारून मागं गेली.

"थांब, मी करतो," बाबा घाईनं म्हणाले. पण ती तोपर्यंत खाली बसली होती. बूच फिरवलं, सहज निघालं, हातात आलं. तिनं पाय बाजूला घेतले, आता धार येणार म्हणून.

एक थेंब आला नाही.

तिनं वाकून भोकात पाहिलं. आत करडं, गुळगुळीत काहीतरी. नखानं खरवडलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन ठोकलं. दगडासारखं. दोन रंगांच्या कांड्या मळून नळाच्या पाइपला लावतात ती पुट्टी, भोकात ठासून भरलेली, आणि वरून पितळी बूच असं बसवलेलं की बाहेरून कुणाला काही कळू नये.

ती मागं वळली. बाबा तिच्या मागं उभे होते. दोन्ही हातात रुमाल, आणि रुमालाचा पार पिळा झालेला.

"तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

बाबांनी आधी पायरीकडे बघून घेतलं. आत्या पेपर वाचत होत्या.

"भोकच नसलं तर बूच विसरणार कसं?" ते कुजबुजले.

धाकटीनं स्क्रूड्रायव्हर जमिनीवर आपटला. डोकं आहे की काय आहे! पाणी आत यायची वाट बंद केली, आणि बाहेर जायची पण तीच होती. साधी गोष्ट. जन्मभर लिफ्टच्या तारा ओवलेल्या माणसाला कळू नये? की कळत होतं, आणि तरी केलं?

"कधी केलंत?"

"त्या दिवसानंतर. दुसऱ्याच दिवशी." बाबांनी रुमाल उलगडला, पुन्हा पिळला. "तुम्ही सगळे हसलात. हसा की, हसण्यासारखंच होतं. पण नंतर माझ्या डोक्यातून ते जाईना. गॅस बंद केला का, चार वेळा उठून बघायचो. बूच तर... म्हटलं, नकोच ते."

"आणि आज यात आत्यांना बसवणार होतात?"

"मला काय माहीत आत पाणी आहे! आणि ऐकू आलं तेव्हा... तू आपल्या नवऱ्याला सांगणार. तो डबी विकणार."

पायरीवरून आवाज आला, "काय खलबतं चाललीत सासरा-सुनेची?"

"होडी धुतोय, आत्या!" धाकटी ओरडली.

"बोलून?"

धाकटीनं शेडकडे बोट केलं. "बाबा, ड्रिल आणा."

ड्रिल धरल्यावर बाबांचा हात रुमाल पिळायचा थांबला. गुडघा टेकून, जीभ दातात धरून, त्यांनी भोकाच्या बरोबर मधोमध पातं लावलं. करड्या भुकटीची रांग खाली पडायला लागली. मग पातं आत गेलं, आणि काळी धार फस्सकन त्यांच्या सदऱ्यावर आली. ते हलले नाहीत. एक मोठं पातं लावलं, मग त्याहून मोठं. धार जाड झाली. अंगणातून वळत, कुंड्यांना वळसा घालत गटाराकडे निघाली.

"अगं बाई, आतूनसुद्धा धुतात?" आत्या नाकाला पदर लावून म्हणाल्या.

"आतूनच जास्त घाण असते, आत्या."

धार संपायचं नाव घेईना. धाकटी बघत राहिली. इतकं पाणी आलं कुठून? ते निघून चाललं होतं याचं बरं वाटायच्या ऐवजी तिला आणखीनच धास्ती वाटायला लागली. भोक तर बंद होतं. म्हणजे दुसरीकडून येतंय. खालून येत असेल, तळाला चीर असेल, तर संपलंच. मग आत्यांना नाही म्हणून सांगावं लागणार, का नाही ते सांगावं लागणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर जाणार. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. नवरा.

"गेलात का तलावावर?"

"नाही अजून. आत्या तयार होताहेत."

"सगळं ठीक ना? होडी बघितलीस?"

बाबा तिच्याकडे बघत होते. सदऱ्यावरून काळे ओघळ.

"बघतेच आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं, म्हणून सहज निघालं.

धार थांबली तेव्हा तिनं झाकणातून हात घालून फडक्यानं आतली पोकळी पुसली, जेवढी पोचेल तेवढी, पार काखेपर्यंत हात घालून. भोकाचं आतलं तोंड बोटाला लागलं, तिच्या अंगठ्याएवढं. मग केस वाळवायचा ड्रायर लांब वायर लावून आणला आणि आत धरला. वाळलं. मग आत्यांच्या पिशवीतून घामोळ्यांच्या पावडरचा डबा उचलला.

"ए, ती माझी आहे!"

"होडीला घामोळं आलंय, आत्या."

पावडर तिनं आत सगळीकडे फुंकली. आतला तळ पांढराशुभ्र झाला. पावडरवर पाण्याचा एक थेंब जरी ओघळला तरी गोगलगाय गेल्यासारखी रेघ उठणार. पर्समधला छोटा आरसा आत धरला, शेजारी मोबाइलचा उजेड. "बाबा, वरच्या फरशीवर नळी सोडा. हळू. मागून सुरुवात करा."

बाबांनी पाइप धरला. मागं काही नाही. कडेला काही नाही. मधे आले.

आरशात एक काळी रेघ सरकली. शेजारी दुसरी.

"थांबा! तुम्ही आत्ता पाणी कुठं टाकताय?"

बाबांनी नळी बाजूला घेतली. "खुर्चीखाली," मग म्हणाले.

होडीच्या मधोमध एक खुर्ची होती. ऑफिसातली, पाठ असलेली, चाकं काढून फरशीवर घट्ट बसवलेली. डबीत बसायला नुसती फळी, आणि फळीवर आत्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून बाबांनी खास बसवलेली. आत्या मागं एकदा येणार होत्या, तेव्हाच. त्या आल्या नाहीत. होडी गळक्या शेडमध्ये फाटक्या कव्हरखाली पडून राहिली, पाऊस येऊन गेला, आणि प्रत्येक सर खुर्चीच्या स्क्रूंवरून आत उतरत गेली.

"स्क्रूखाली सिलिकॉन नाही लावलं?"

"संपलं होतं. म्हटलं, वरून काय येणार आहे? होडीला पाणी खालूनच येतं."

धाकटी होडीतच आडवी पडली होती, गाल फरशीवर. तिला हसूही आलं आणि रडूही. तळ शाबूत होता. तळाला काही झालेलं नव्हतं.

खुर्ची काढली. भोकांत लाकडी खुंट्या ठोकून वर बाथरूममधलं सिलिकॉन थापलं, ते सुकेपर्यंत जेवणं उरकली. आत्यांना फळीवरच बसवायचं, खाली उशी, एक पाय लांब. आता एकच राहिलं, बूच. भोक आता खरोखरचं भोक होतं. धाकटीनं बरंच डोकं चालवलं आणि जाड सुतळी आणली. बूच आणि मोटारीची किल्ली एकत्र बांधली, दुहेरी गाठ मारून.

"हे बघा. किल्ली हातात घेतली की बूच हातात येणारच. विसरायची सोयच नाही."

"हुशार आहेस," बाबा म्हणाले. आणि मग, दुसरीकडेच बघत, "तूच लाव. आज तूच लाव."

"मी लावते. तुम्ही मोटार बघा."

तलावावर वारा नव्हता. उतारावर गेल्यावर मात्र सगळं एकदम झालं. ट्रेलरचं चाक खळग्यात अडकलं. ते काढलं तर आत्यांची चप्पल पाण्यात. चप्पल काढली तर आत्या, "मी आधी उजवा पाय टाकू की डावा?" धाकटीनं त्यांना मागून कवटाळलं आणि पेशंटला खाटेवर घेतात तसं उचलून फळीवर ठेवलं. आत्या किंचाळल्या, हसल्या, तिच्या गळ्याला लोंबकळल्या. बाबांनी ढकललं, चढले, हात पुढं केला. धाकटीनं खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. मोटार सुरू झाली.

आत्या पुढं तोंड करून बसल्या होत्या. "अहाहा! अरे बूच, हे तर लिफ्टपेक्षा बरंय!"

बाबा हसले. सकाळपासून पहिल्यांदा. धाकटीनं ते पाहिलं आणि तिचे खांदे जरा खाली आले. पण कान खाली आले नाहीत. मोटार घरघरतेय. पाणी कडेनं चुबुक चुबुक. आणखी एक आवाज होता. टक, टक, टक. धातूचा. मोटारीच्या झाकणावर काहीतरी आपटत होतं.

तिनं मान वळवली.

किल्ली मोटारीत होती. किल्लीखाली सुतळी. सुतळीला लोंबकळत, डुलत, चमकत, पितळी बूच.

मी लावते, असं तीच म्हणाली होती. तिच्याच खिशात होतं. तिनंच बाबांच्या हातात ठेवलं, आणि बाबांनी ते किल्लीसकट घेतलं, तिच्यावर विश्वास ठेवून. तिनं झाकण फिरवून उघडलं. आत पाणी होतं, आणि पाण्यावर पावडर, दुधाच्या सायीसारखी, गोल गोल फिरत.

"बाबा."

बाबांनी तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. बुचाकडे, मग झाकणाकडे. ते ओरडले नाहीत. तोंडाचा रंग तेवढा उतरला.

"किती?"

"चांगलं मनगटभर. वाढतंय."

"मोटार बंद केली तर जास्त भरेल. आणि बूच काढायचं तर किल्लीच काढायला लागेल." त्यांनी एका हातानं सुतळी ओढून पाहिली. तिची दुहेरी गाठ. दगडासारखी. "सुटत नाहीये."

काठ किती लांब वाटत होता! पायाखालची डबी हळूहळू जड, आळशी होत चालली होती. वळवली की वळायला उशीर लावत होती.

धाकटी फरशीवर पालथी पडली. झाकणातून हात आत घातला, मनगट, कोपर, काख. पाणी बर्फासारखं. बोटांनी भोकाचं आतलं तोंड चाचपलं, पाण्याची धार बोटांवर आदळली, आणि तिनं अंगठा त्यात खुपसला. दाबला. धार थांबली. ड्रिलनं राहिलेली पुट्टीची कड कातडीत रुतली. रुतू दे.

"बसला?" बाबांनी विचारलं.

"बसला."

"हलू नकोस. जोरात घेतो." मोटार गुरगुरली.

"वा! असं जोरात घ्यायचं," आत्या खुशीत येऊन म्हणाल्या, आणि मागं वळल्या. "अगं धाकटे! ही काय झोपायची जागा आहे?"

"कानातलं पडलं, आत्या. आत गेलं."

"सोन्याचं?"

"खोटंच आहे."

"मग एवढी काय रडतेस त्याच्यापायी?"

ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं. आणि तेवढ्यात तिच्या खिशात फोन वाजायला लागला. तिचा एक हात पाण्यात, दुसऱ्यानं ती फळीला धरून. आत्यांनी वाकून, धडपडत, तिच्या खिशातून फोन काढला.

"हॅलो? कोण रे? हो, हो, मी बोलतेय. तळ्याच्या मधोमध! मजेत. पाणी? कसलं पाणी? एक थेंबसुद्धा नाही." त्यांनी पाय उचलून खाली बघून खात्री केली. "तुझी बायको? ती कानातलं शोधतेय. तुझा बाप काय झकास चालवतो रे. उगाच नावं ठेवता त्याला. ठेव, ठेव, मला वारा लागतोय."

धाकटीनं डोळे मिटले. अंगठा बधिर होत चालला होता, आहे की नाही कळेना. बाबांकडून एकदाही, "तूच म्हणाली होतीस ना," असं नाही. फक्त मधूनमधून, "आहेस ना?" आणि ती, "आहे."

"आहेस ना?"

"आहे."

मग तळाला वाळू घासली.

बाबांनी किल्ली काढली. मोटार गप्प झाली. ते कंबरभर पाण्यात उतरले, होडी धरून मागं आले, आणि सुतळी तोंडात घालून दातांनी गाठ तोडायला लागले. धाकटीला ते दिसत नव्हतं, तिचं तोंड फरशीकडे होतं. तिला फक्त त्यांचं धापा टाकणं ऐकू येत होतं, आणि चूळ भरल्यासारखं थुंकणं, सुतळीचे धागे.

मग पलीकडून, तिच्या अंगठ्याच्या टोकाला, काहीतरी टेकलं. गार, गोल, कठीण. हळूहळू फिरत आत येत होतं, आणि तिचा अंगठा मागं सारत होतं.

"आता काढ," बाबा बाहेरून म्हणाले.

तिनं काढला. थेंब आला नाही. तरी तिनं हात तिथंच ठेवला, बोटांची टोकं पितळेवर, अजून थोडा वेळ.

"सापडलं का गं?" आत्यांनी विचारलं.

बाबांचं ओलं डोकं मागच्या कडेवर उगवलं. हनुवटीला सुतळीचा धागा चिकटलेला.

"सापडलं, अक्का," ते म्हणाले. "माझ्याकडेच होतं. आता जरा पंप मारतो, मग तुला खरी चक्कर दाखवतो. ही नुसती बघायला होती."